प्राणवायू आणि ‘पुट आउट’

रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन मी नागपूरहून अमरावतीस परतले, तेव्हा माझ्या इंग्रजीविषयी मला कसलीही शंका नव्हती. माझे सारे शास्त्र इंग्रजीतून झाले होते. ‘साका गाळून विलग करण्यात आला व वाळवून त्याचे वजन करण्यात आले,’ हे वाक्य मी इंग्रजीत झोपेतही बिनचूक म्हटले असते. या वाक्यात काम करणारे माणूस कोठेच दिसत नाही, ही गोष्ट मला फार भारदस्त वाटे. आपले उरलेले आयुष्य अशाच वाक्यांत जाणार, असा माझा समज होता.

तो समज एका सकाळी अमरावतीच्या डाकबंगल्याच्या व्हरांड्यात नाहीसा झाला. अकोल्याच्या एका मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवणारी बाई हवी होती, आणि मी अर्ज केला होता. मुलींच्या शाळा तपासणाऱ्या इंग्रज मड्डम दौऱ्यावर आल्या असता त्यांनी मला भेटीस बोलावले. उंच, उन्हाने तांबूस झालेल्या, आवाजाने मायाळू अशा त्या बाई होत्या. त्यांच्या प्रश्नांतला एकही शब्द मला अनोळखी नव्हता. गेट, पुट, टेक, अप, ऑन, ऑफ हे शब्द मी परकर नेसत होते तेव्हाच शिकले होते. पण त्या शब्दांची मिळून जी वाक्ये होत होती, त्यांचा अर्थ मला लागेना. ‘कॅन यू पुट अप विथ द हीट इन अकोला?’ असे त्यांनी विचारले. त्यातले ‘हीट’ आणि ‘अकोला’ एवढेच माझ्या हाती लागले, आणि तेवढ्या पायावर मी उत्तराची इमारत उभारली. अकोल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, काळ्या जमिनीची उष्णता शोषून घेण्याची शक्ती आणि निरभ्र आकाशाचे परिणाम या सर्वांचा मी सविस्तर परामर्श घेतला. बाईंना फक्त इतकेच जाणून घ्यायचे होते, की अकोल्याचा उन्हाळा मला सोसेल काय. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी म्हटले, ‘यू मस्ट ब्रश अप युवर स्पोकन इंग्लिश.’ महिन्याभराने अकोल्यास त्यांच्यासमोर वर्गावर एक पाठ घ्यायचा होता. नोकरीचा निर्णय त्यावर होणार होता.

‘ब्रश अप’ म्हणजे गंज चढलेली विद्या घासूनपुसून लख्ख करणे, हे मला घरी येऊन कोशात पाहावे लागले. ज्या सल्ल्याचा अर्थ कळण्यासाठीच तो सल्ला आधी अमलात आणलेला असायला हवा होता, असा तो सल्ला होता.

ही नोकरी मला इतकी का हवी होती, ते सांगितले पाहिजे. आमचे घराणे माळ्याचे. राजापेठेच्या पलीकडे, तेव्हा जिथे गाव संपत असे, तिथे आमचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा. मला नागपूरला ठेवून शिकवण्याचे काम वडिलांनी भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून केले होते. शिकून झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यांच्याजवळ एकच होते, आणि ते अंजनगाव सुर्जीला राहत होते. पानमळ्यांचे मोठे घर, मुलगा मॅट्रिक झालेला, स्वभावाने गरीब. त्या स्थळाला नाव ठेवायला कोठेही जागा नव्हती, हीच माझी अडचण होती. दोष असता तर मी तो सिद्ध करून दाखवला असता. मला एम.एस्सी. व्हायचे होते, आणि त्यासाठी आधी स्वतःच्या पायावर उभे राहायचे होते. पानमळ्यात यांपैकी काहीही होण्यासारखे नव्हते.

“त्याहीले म्या होळीपर्यंत थांबा म्हणलं,” वडील म्हणाले. “होळीच्या आत तुले अकोल्याची नोकरी लागली, तं तुह्या मनासारखं. नाई लागली, तं माह्या मनासारखं. हाय कबूल?”

मी कबूल म्हटले. अटी स्पष्ट असल्या की मला नेहमीच बरे वाटते. त्या आपल्याविरुद्ध आहेत, हे मागाहून लक्षात येते.

आता दुसरी कोणी असती, तर तिने एखाद्या इंग्रजी बोलणाऱ्या कुटुंबात चार दिवस ऊठबस केली असती. मला ते अशास्त्रीय वाटले. जगातली असंख्य संयुगे मोजक्या मूलद्रव्यांपासून होतात. त्याचप्रमाणे इंग्रजांची ही सारी चिल्लर वाक्ये मोजक्या क्रियापदांच्या आणि मोजक्या अव्ययांच्या संयोगाने होत असली पाहिजेत. संयोगाचे नियम एकदा हाती आले, की एकेक वाक्य पाठ करण्याची हमाली कशाला? फुले निवडायच्या पडवीची भिंत नुकतीच चुन्याने पांढरी केलेली होती. मी कोळसा घेतला, उभ्या रांगेत गेट, पुट, टेक, लुक, टर्न, गिव ही मंडळी बसवली, आडव्या रांगेत अप, डाउन, इन, आउट, ऑन, ऑफ यांना उभे केले, आणि मधली घरे भरू लागले.

माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, पडवीत शेवंतीचे हार गुंफत बसली होती. तिचे हात आणि तिचे तोंड एकमेकांना अडथळा न करता चालत असत.

“बाई, आताच तं भित चुन्यानं रंगवली,” ती म्हणाली. “तुमी काहून काळी करून राहिल्या?”

“हे शास्त्रीय कोष्टक आहे, वहिनी.” त्या काळात मी घरातही पुस्तकी मराठी बोलत असे. वहिनी त्याकडे नागपूरहून आणलेला ताप म्हणून पाहत असे. उतरेल हळूहळू, असा तिचा भरवसा होता.

“मले वाटलं कोणाची पत्रिका मांडली.”

“इंग्रजी क्रियापदांची आहे.”

“मंग मंगळ कोण्या घरात हाय थे पाहून घ्या आधीच. मागून बोंब नको.”

मंगळ सगळ्याच घरांत होता, हे दोन दिवसांत दिसून आले. माझा पहिला नियम असा होता, की ‘अप’ लागले की क्रिया वाढते आणि ‘डाउन’ लागले की घटते. दिव्याची वात बारीक करणे म्हणजे ‘टर्न डाउन’. नियम सिद्ध झाला, म्हणून मी वहिनीला गुळाचा खडा दिला. त्या हिशेबाने ‘गिव अप’ म्हणजे सढळ हाताने देणे व्हायला हवे होते. कोश म्हणाला, सोडून देणे, नाद टाकणे. ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे, हे माझ्या नियमात चपखल बसले. मग ‘लुक अप’ म्हणजे आदर करणे ना? कोश म्हणाला, शब्द कोशात शोधणे. हे वाचताना मी नेमकी तीच क्रिया करत होते, याचा मला आनंद होण्याऐवजी राग आला. मी त्या घरात ‘अशुद्ध नमुना’ अशी नोंद केली आणि पुढे सरकले. चार दिवसांनी भिंतीवर अशुद्ध नमुने इतके झाले, की शुद्ध कोणते ते खूण करून दाखवावे लागले. दोष माझ्या नियमांत आहे असे मला एकदाही वाटले नाही. इंग्रजांनी आपली भाषा नीट ठेवली नाही, असा निष्कर्ष मी काढला.

एका दुपारी वहिनी हारात मधोमध एक तांबडे फूल अडकवत होती. “हे उठून दिसते,” ती म्हणाली. मी थबकले. ते फूल कोठून उठले होते? ‘उठून दिसणे’ यात उठणे कोठेच नाही. ‘पडून राहणे’ यात कोणी पडत नाही, ‘देऊन टाकणे’ यात काही टाकले जात नाही, आणि तरीही वहिनीला यांतल्या एकासाठीही कधी भिंत लागली नव्हती. शहाण्या मुलीने या ठिकाणी कोळसा खाली ठेवला असता. मी समोरच्या भिंतीवर मराठीचे कोष्टक आखायला घेतले.

प्रयोगाविना शास्त्र नाही, म्हणून वाक्ये वापरून पाहणेही सुरू होते. वडिलांना मी ‘टेक ऑफ युवर शूज’ म्हणे, आणि ते बिचारे जोडे घालून उभे राहत. म्हशीवर मात्र प्रयोग यशस्वी झाला. मी ‘गेट अप’ म्हटले की ती उठे. हा परिणाम शब्दांचा की आवाजाचा, हे ठरवण्यासाठी मी त्याच सुरात ‘सोडियम क्लोराइड’ म्हणून पाहिले. ती तरीही उठली. मी बराच वेळ विचारात होते. मग मागे वळून पाहिले, तर वहिनी सरकीची बादली घेऊन उभी होती.

“म्हशीले इंग्रजी येऊ देऊ नका, बाई,” ती म्हणाली. “मंग ते आंबोण नाई खाणार. बिस्कुटं आना लागतीन.”

पाठासाठी मी प्राणवायू तयार करण्याचा प्रयोग निवडला होता. जाड काचेच्या नळीत रसायने घालून ती खालून स्पिरिटच्या दिव्याने तापवायची. बुचातून निघालेल्या दुसऱ्या वाकड्या नळीचे टोक पाण्यात सोडायचे, आणि बुडबुड्यांनी वर येणारा वायू पाण्याने भरून उपड्या घातलेल्या बरणीत धरायचा. यात धोका एकच आहे. दिवा आधी बंद केला, तर आतला वायू थंड होऊन आकसतो, पाणी वाकड्या नळीतून उलटे वर चढते आणि तापलेल्या काचेवर पडते. मग काच फुटते. म्हणून बरणी भरली की आधी नळी पाण्याबाहेर काढायची, मग दिवा विझवायचा. हा क्रम मला माझ्या नावासारखा पाठ होता. साराच पाठ मी या एका क्षणाभोवती बांधला, कारण त्या क्षणी मला मड्डमच्या देखत म्हणता येणार होते, ‘फर्स्ट टेक आउट द ट्यूब, देन पुट आउट द लॅम्प.’ एका वाक्यात दोन ‘आउट’, आणि दोघांचे काम वेगळे. माझ्या सर्व अभ्यासाचा तो कळस होता.

रंगीत तालमीला वहिनी विद्यार्थिनी झाली. काचेच्या नळीऐवजी बाटली होती, वाकड्या नळीऐवजी पपईच्या पानाचा पोकळ देठ, आणि दिव्याच्या जागी घरातली चिमणी. मी ‘फर्स्ट’ म्हणायचा अवकाश, वहिनी देठ काढून, चिमणी फुंकून, हात पदराला पुसून पुन्हा हाराकडे वळलेली असे.

“माझे वाक्य तरी होऊ दे, वहिनी.”

“काम झालं ना? मंग वाक्य कायले पाह्यजे?”

वाक्याची परीक्षा अशी कधी झालीच नाही. मी मात्र ते तालमीत उत्तम चालते असे धरून चालले.

अकोल्याला वडील माझ्याबरोबर आले. बडनेऱ्याला गाडी बदलली, तेव्हापासून मी ओठांत वाक्ये घोळवत होते आणि ते खिडकीबाहेरची तूर पाहत होते. शाळेत पोचल्यावर ते वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात पायरीवर बसले. वर्गात मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून मड्डम बसल्या होत्या. हायस्कुलात शास्त्र इंग्रजीतून शिकवायचे असा तेव्हाचा दंडक, म्हणून मी इंग्रजीत आरंभ केला. मुली माझ्याकडे अत्यंत आदराने आणि संपूर्ण अबोधपणे पाहत होत्या. मदतीला मी पहिल्या बाकावरची एक उंच, धीट चेहऱ्याची मुलगी बोलावली. तिच्या हाती दिवा दिला.

पहिला धक्का दिव्यानेच दिला. ‘टर्न डाउन द लॅम्प’ हे वाक्य मी घोटून आणले होते, आणि स्पिरिटच्या दिव्याला फिरवायला चावीच नसते. शेकडो वेळा हाताळलेल्या दिव्याविषयी हे मला त्या क्षणी समजले. वाक्य वाया गेले. पण बुडबुडे छान येऊ लागले, मुली माना उंचावून पाहू लागल्या, बरणी भरत आली. माझा क्षण जवळ आला.

मी म्हटले, “नाउ, फर्स्ट...”

आणि माझ्या डोळ्यांसमोर पडवीची भिंत उभी राहिली. ‘टेक’ची संपूर्ण रांग. टेक आउट की टेक ऑफ? नळी आहे, म्हणजे ‘पुल आउट’ अधिक नेमके नाही का? पाण्यातून वर काढायची आहे, तर मग ‘अप’चे काय? मी एकेक घर तपासत असता, त्या मुलीने काय केले? बरणी भरलेली तिने पाहिली. बाई काहीतरी म्हणू लागल्या, तेही ऐकले. कोणत्याही समजूतदार मुलीने काढावा तोच अर्थ तिने काढला आणि दिव्यावर टोपण ठेवून दिले.

पाणी वाकड्या नळीत चढू लागले. ते मला दिसले. ते किती वेगाने चढते आहे, हेही मी पाहिले, आणि ते नियमाप्रमाणेच आहे, याची नोंद घेतली. नळी उचलायला फक्त एक हात पुरे होता, आणि माझे दोन्ही हात मोकळे होते. पण मी ‘टेक आउट’वर येऊन पोचलेच होते, आणि वाक्य अर्धे टाकायला मन होईना. “...टेक आउट द ट्यूब,” मी म्हटले, आणि तुरीची वाळलेली शेंग तडकावी तसा आवाज होऊन काच फुटली.

बाकांवरून मुली मागच्या भिंतीशी पळाल्या. पाणी माझ्या पातळावर उडाले. उंच मुलगी जिथल्या तिथे उभी होती, हातातले टोपण दिव्यावर तसेच दाबून धरलेले.

मड्डमनी काय झाले ते विचारले. मी सांगितले. वायूचे आकुंचन, हवेचा दाब, काचेच्या दोन बाजूंच्या तापमानातले अंतर. सगळे पुस्तकी इंग्रजीत, कर्ता नसलेल्या वाक्यांत. नळी ‘वेळीच काढण्यात आली नाही,’ असे मी म्हटले; कोणी काढली नाही, ते त्या व्याकरणात येत नाही. दुसरी नळी आहे काय, असे त्यांनी विचारले. एक होती. “देन कॅरी ऑन,” त्या म्हणाल्या, आणि हाताने चालू द्या अशी खूण केली. ‘कॅरी’ मी कोष्टकात घेतलेच नव्हते. ते मला हमालांचे क्रियापद वाटले होते.

मी दुसरी नळी बसवली. ही फुटली की अंजनगाव. मी त्या मुलीजवळ वाकले आणि हळूच म्हटले, “हे पाह्य वं. म्या हं म्हणलं का आधी हे नळी पान्यातून काढजो. मंग दिव्यावर टोपन ठेवजो. आधी नळी.”

“बरं, बाई,” ती म्हणाली. “आधीच असं सांगतलं असतं तं?”

वर्ग हसला. भिंतीशी गेलेल्या मुली आपापल्या जागी परतल्या. बरणी भरली, मी हं म्हटले, नळी निघाली, दिवा विझला, आणि बरणीत सोडलेली विझती काडी भपकन पेटली. मुलींनी ती काडी पुन्हा पुन्हा पेटवायला लावली. काडी कशी विझवावी आणि कशी सोडावी हे मी सगळे वऱ्हाडीतच सांगितले, आणि तेही बाहेरपर्यंत ऐकू जावे इतक्या मोठ्याने.

पाठ संपल्यावर मी त्या मुलीला एका बाजूला घेऊन विचारले, “काच फुटली तेव्हा सगळ्या पळाल्या. तू पळाली नाहीस, ते का?”

“मले वाटलं तसंच कराचं असते, बाई,” ती म्हणाली. “नळी फुटली म्हंजेच प्राणवायू निंगते.”

ही माहिती घेऊन मी मड्डमसमोर जाऊन बसले. त्यांनी प्रथम माझ्या इंग्रजीविषयी सांगितले. ते काम भागेल इतपत आहे, सरकारी अहवालासारखे वाटते खरे, पण अकोल्यात त्याने कोणाचे अडणार नाही. मी महिनाभर ज्यासाठी दोन भिंती काळ्या केल्या, ते प्रकरण त्यांनी दोन वाक्यांत मिटवले. मग त्या म्हणाल्या, की त्यांची काळजी निराळीच होती. या शाळेत आजवर शास्त्राचा प्रयोग मास्तरणीने करायचा आणि मुलींनी लांबून उतरून घ्यायचा, अशी रीत होती. मुली काचेला आणि विस्तवाला भितात. परंतु आज नळी हाताशी फुटली, तरी ती मुलगी तसूभर हलली नाही. एका तासाच्या आत मुलीच्या अंगी इतकी स्थिरता आणणारी शिक्षिका त्यांनी क्वचितच पाहिली होती. जूनपासून रुजू व्हावे.

निरीक्षण बिनचूक होते, अनुमान साफ चुकीचे होते, आणि खरे कारण माझ्याजवळ ताजे होते. अशा वेळी काय करावे, हे मला पदवीच्या साऱ्या वर्षांत शिकवण्यात आले होते. मी ‘थँक यू’ म्हटले आणि उठले.

बाहेर वडील पायरीवरच बसलेले होते. त्यांनी माझ्या ओल्या पातळाकडे पाहिले, तोंडाकडे पाहिले, आणि काही विचारण्याआधी पटका काढून पुन्हा नीट बांधला.

“अंजनगावले काय कळवू?”

“नाही म्हणून कळवा.”

“काहून म्हणून इचारतीन ना थे.”

“जूनपासून मले अकोल्याले राहा लागते म्हणा. मुलींले शिकवाले.”

 त्यांनी उभे राहून धोतराची धूळ झटकली.

“बरं,” ते म्हणाले. “गाडीले टाइम हाय अजून, चाल, च्या घेऊ. काच फुटली तवा मी तं मनातल्या मनात मांडव टाकून मोकळा झालो होतो.”